सांगून येणारी गाडी

आमचे हे घरात बोलले की शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून उत्तर द्यायची, एवढा त्यांचा आवाज. सगळी उमर मालगाडीच्या इंजिनात गेली. तिथं मनातलं सांगायचं तरी ओरडावं लागतं, मग तोच आवाज संध्याकाळी घरी यायचा. मीठ मागितलं तरी बाहेरच्याला वाटावं, नवराबायकोची जुंपली. गल्लीत सगळे त्यांना 'भोंगा' म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि ह्यांना त्याचा राग नव्हता. उलट कुणी नवखा भेटला की स्वतःच ओळख करून द्यायचे, मी भोंगा आणि ही आमची ब्रेक. मी ब्रेक! घ्या.

हे मी हसत सांगतेय म्हणून गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. गेल्या वर्षात मी जेवढी घाबरले तेवढी अख्ख्या जन्मात घाबरले नव्हते. आणि ती भीती अजून गेलेली नाही, रोज दुपारी येऊन बसते माझ्या छातीवर.

आमची घरांची रांग रुळांना पाठ लावून आहे. मध्ये रेल्वेची भिंत आणि भिंतीला भगदाड. ते भगदाड रेल्वेवाले बुजवतात आणि आमचे लोक पुन्हा पाडतात, असं माझ्या लग्नाच्या आधीपासून चाललंय. कारण पलीकडे सगळं आहे. बाजार पलीकडे, शाळा पलीकडे, पाण्याची टाकी पलीकडे. जायला पूल आहे, नाही असं नाही. पण तो पार स्टेशनाच्या टोकाला, आणि त्याच्या पायऱ्या चढून उतरेपर्यंत विकत आणलेली भाजी सुकते. म्हणून सगळी गल्ली भगदाडातून जाते.

तिथं एक वाईट गोष्ट आहे. भगदाडाच्या उजव्या अंगाला रूळ असे वळतात की गाडी दिसते तेव्हा ती अंगावर आलेली असते. बघून काही फायदा नाही. त्यामुळे आमच्याकडे पोर चालायला लागलं की पहिलं शिकवतात, तिथं बघत बसू नकोस, ऐक. उभं राहायचं, कान द्यायचा. भोंगा वाजला तर मागे व्हायचं, नाही वाजला तर जायचं. परगावचा पाहुणा मान वाकडी करून वळणाकडे बघत राहिला की आम्ही त्याला हसायचो. आमची म्हातारी माणसं तर बोलत बोलत, मान खाली घालून ओलांडायची आणि एवढ्या वर्षांत कुणाला ओरखडाही आला नव्हता.

माझी आई त्यातलीच. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे असते. लेकीच्या घरी राहते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, त्यांना मी काय ते सुनावलं, तो विषय संपला. ह्यांचं आणि तिचं मात्र गूळपीठ होतं. प्रत्येक ड्रायव्हरचा भोंगा वाजवायचा हात वेगळा असतो. कुणी तुटक वाजवतो, कुणी घाबरल्यासारखा. ह्यांचा हात म्हणजे दोन आखूड आणि एक लांबच लांब, वळण संपेपर्यंत ओढलेला. दुपारची गोदामाकडे धान्य नेणारी गाडी ह्यांची. पुलाजवळ तो भोंगा झाला की आई म्हणायची, जावईबापू निघाले गं, आणि चहाचं आधण ठेवायची. गोदामात गाडी लावून हे घरी येईपर्यंत चहा तयार. आईला गाडीचं कौतुक नव्हतं. आपला जावई येताना सांगून येतो, ह्याचं होतं.

मग रुळांपलीकडे मोठं इस्पितळ झालं. बायकांचं आणि तान्ह्या बाळांचं. चांगलं झालं, आम्हीच म्हणायचो. त्याच्या पाठोपाठ सरकारचा नियम आला. इस्पितळाच्या आसपासचा सगळा भाग शांतता क्षेत्र. लग्नाचे बँड बंद, लाउडस्पीकर बंद, रस्त्यावर हॉर्न बंद, आणि पुलापासून गोदामापर्यंत रेल्वेचा भोंगासुद्धा बंद. फक्त धोका दिसला तरच वाजवायचा. इस्पितळाच्या कोपऱ्यावर खांब उभा केला, त्यावर आवाज मोजायचं यंत्र बसवलं. त्या यंत्राला मधाच्या पोळ्यासारखी काळी टोपी घातली होती. आवाज मर्यादेच्या वर गेला की तिकडे ऑफिसात आपोआप कळायचं.

ह्यांनी काय केलं असेल? वाजवला. पहिल्याच दिवशी, दोन आखूड आणि एक लांब. साहेबांनी बोलावून समज दिली. हे घरी येऊन दोन घास कमी जेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवला. मग ताकीद आली. काही दिवसांनी दुसरी ताकीद आली आणि सोबत तोंडी निरोप, की तिसऱ्यांदा इंजिनावरून खाली उतरवू. त्या दिवशी ऑफिसात झालेलं बोलणं हे किती तरी दिवस मला पुन्हा पुन्हा सांगत होते.

साहेब म्हणाले होते, "वाजवलात कशासाठी? धोका काय होता?"

"वळणावर माणसं ओलांडतात, साहेब."

"नकाशावर तिथं वाट नाही. कोणी गाडीखाली आलं का?"

"नाही आलं."

"मग धोका कुठे होता?"

तिथं आवाजखात्याचा एक तरुण अधिकारी बसला होता. भला माणूस होता म्हणे, पाणी विचारलं, खुर्ची दिली. तो म्हणाला, काका, यंत्र आवाज मोजतं, आवाजाचं कारण मोजत नाही, मी तरी काय करू. घरी आल्यावर हे पलंगावर बसून छताकडे बघत म्हणाले, अगं, भोंगा वाजवला म्हणून कोणी सापडलं नाही, आणि कोणी सापडलं नाही म्हणून भोंगा वाजवायला नको होता. ह्याला माणसानं काय बोलावं? मी म्हटलं, मला कशाला विचारता, मी ब्रेक. पण हसायला कुणालाच आलं नाही. तरी खाली उतरवायचा कागद येईपर्यंत मी वाजवणार म्हणाले, आणि वाजवत राहिले.

इथपर्यंत माझा सगळा राग त्या नियमावर होता. खांबापाशी गेले की मी त्या यंत्राकडे बघून बोटं मोडायची. पण देव माणसाला एका बाजूला उभं राहू देत नाही.

आमची एकुलती एक लेक बाळंतपणाला आली होती. जावई परगावी कामाला, म्हणून सगळं आमच्यावर. सातव्या महिन्यातच तिचं पोट दुखायला लागलं आणि त्याच इस्पितळात ती मोकळी झाली. मुलगी. मुलगी कसली, मूठभर जीव. काचेच्या पेटीत ठेवली होती, अंगाला वायरी, नाकाला नळी, आणि वर एका पडद्यावर तिच्या काळजाचे ठोके आकड्यांत दिसायचे. मी तर त्या आकड्याकडे बघूनच श्वास घ्यायला शिकले.

हे सुट्टीच्या दिवशी नात बघायला आले. पेटीजवळ जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून, जणू हात पुढे केला तर काही तुटेल. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा झाला. ह्यांच्या जागी त्या दिवशी कुणी नवा ड्रायव्हर होता, त्यानं गोंधळून वाजवला. पेटीतल्या पोरीनं दोन्ही हात वर फेकले. अंग ताठ झालं, ओठ निळे पडले, पडद्यावरचा आकडा घसरायला लागला. सिस्टर धावत आली, बोटानं तिच्या तळपायावर टिचक्या मारत राहिली. आकडा हळूहळू वर आला. मी भिंतीला टेकले.

ह्यांनी सिस्टरला काही तरी विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना कुजबुजताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. विचारत होते की रोज असंच होतं का. सिस्टरला कुठे माहीत हे कोण. ती म्हणाली, "आता बरंच कमी झालंय. पण तो दुपारचा एक आहे ना, तो फार लांबवतो. त्याला तर मी रोज शिव्या घालते."

हे जिना कठड्याला धरून उतरले. दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी भोंगा वाजवला नाही.

वाजवला नाही म्हणजे सुटलो असं नव्हे. खरी भीती तिथून सुरू झाली. शर्ट भिजलेला असायचा घरी येताना, थंडीतसुद्धा. पूल आला की उजवा हात आपोआप वर जातो म्हणायचे, म्हणून तो मांडीखाली दाबून बसायचे. वळणावर डोळे फाडून बघायचे आणि बघून काही दिसायचं नाही, कारण तिथं दिसतच नाही. भरलेली गाडी, ब्रेक लावला तरी कुठच्या कुठे जाऊन थांबते. म्हणून मग गाडी मुंगीसारखी चालवायला लागले. गोदामवाले ओरडायचे, उशीर होतो. वरून विचारणा व्हायची, उशीर का होतो. रात्री जेवताना घास हातात धरून बसायचे. मी विचारलं काय झालं, तर म्हणायचे, आज भगदाडात कुणी तरी होतं, गाडी पुढे गेल्यावर मला लाल कपडा दिसला, कुणी होतं का गं? मी गल्लीत विचारून यायची. सगळे घरी आहेत, म्हणून सांगायची, तेव्हा घास तोंडात जायचा.

त्यांनी स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं. त्या ठणठणीत आवाजात, प्रत्येक दारात उभं राहून, की मी आता वाजवणार नाही, कुणीच वाजवणार नाही, भोंग्याच्या भरवशावर राहू नका, पूल धरा. लोकांनी माना डोलावल्या. काही जण हसले, आमचा भोंगा मुका झाला म्हणून. माना डोलावणं सोपं असतं. पण जन्मभर ज्या शांततेनं 'जा' म्हणून सांगितलं, ती शांतता आता 'थांब' म्हणतेय, हे पायांना कुणी सांगायचं? कोपऱ्यावरचा न्हावी, चांगला जाणता माणूस, मान डोलावणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे. आठवड्याच्या आत तो भगदाडातून पाय टाकायला आणि इंजिन नाकासमोरून जायला एक गाठ पडली. परत येऊन आमच्या पायरीवर बसला, पाणी मागितलं. काही ऐकूच आलं नाही, काही ऐकूच आलं नाही, एवढंच बोलत होता.

मला माझ्या आईची धास्ती होती. पणती झाल्यापासून म्हातारीच्या अंगात वारं शिरलं होतं. लेकीला इस्पितळात गरम डबा मीच नेणार, म्हणून हटून बसायची. मी म्हटलं, पुलावरून जाशील? तर गुडघे दाखवायची. डबा मी नेत होते, पुलावरून, रोज, धापा टाकत. तरी माझा तिच्यावर विश्वास नव्हता. एक दिवस ह्यांनीच तिला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, आई, मी आता न सांगता येतो. माझ्या भोंग्यावर विसंबू नका. ती बरं म्हणाली. हे उठून गेल्यावर माझ्याकडे वाकून, लहान मूल गुपित सांगतं तसं म्हणाली, "बोलतात गं असं. मी रुळांवर आहे आणि जावईबापू सांगितल्याशिवाय येतील? यायचे नाहीत ते."

मी तिच्यावर ओरडले, नाही नाही ते बोलले. ती शेंगा सोलत राहिली.

मग तो दिवस आला. सकाळीच इस्पितळातून निरोप होता की आज पोरीला पहिल्यांदा पेटीबाहेर काढून आईच्या छातीवर ठेवणार आहेत, कुणी तरी सोबत असा. मी हातातलं टाकून निघाले. स्वयंपाक अर्धा झाला होता. आईला दहा वेळा बजावलं की डबा न्यायला मी परत येते, तू उंबरा ओलांडायचा नाहीस. तिनं मान डोलावली. न्हाव्यासारखीच.

नंतर तिनंच सांगितलं काय झालं ते. स्वयंपाक आटोपला, डबा भरला, वाट बघितली. मी येईना. इकडे लेक उपाशी असेल. गाडीची वेळ तर कधीच टळून गेली होती. टळलीच होती, पण ह्यांची गाडी हल्ली उशिरा धावते हे तिच्या हिशेबात कुठलं असायला. ती भगदाडाशी जाऊन उभी राहिली, रीतीप्रमाणे कान दिला. शांत. अगदी शांत. म्हणून मान खाली घालून निघाली.

मी तेव्हा लेकीच्या पलंगाशी उभी होते. पोरीला नुकतीच तिच्या छातीवर ठेवली होती. लेकीचे डोळे भरून आलेले, माझेही. सिस्टर वायरी सारख्या करत होती. आणि भोंगा वाजला.

तो हात मी ओळखला. पण दोन आखूड नव्हते. एकच, सलग. पूर्वी भोंगा म्हणजे गाडी येतेय, सांभाळा, एवढंच असायचं. आता भोंगा म्हणजे रुळांवर माणूस आहे. त्यांना कुणी तरी दिसलंय. लेकीनं पटकन दोन्ही तळहातांनी पोरीचं डोकं झाकलं, स्वतःच्या अंगाचं पांघरूण केलं तिच्यावर. वॉर्डातली सगळी बाळं एकदम रडायला लागली. सिस्टर पेट्यांच्या रांगेकडे धावली. पडद्यावरचा आकडा बघायला मी थांबले नाही. माझ्या नातीचा आकडा, आणि मी तो बघितला नाही. मला एकच दिसत होतं, चुलीजवळचा तो डबा.

मी जिना कसा उतरले माहीत नाही. भोंगा थांबत नव्हता. मी रस्ता ओलांडला, टाकीच्या मागून धावले, भोंगा चालूच. शेवटी मी तो थांबू नये म्हणून देवाला विनवायला लागले. कारण वाटत होतं, वाजतोय तोवर काही झालेलं नाही, थांबला की संपलं. आणि तो थांबला.

इंजिन भगदाडाच्या पुढे जाऊन उभं होतं. मागे डब्यांची रांग, भगदाड पार झाकून टाकलेली. असिस्टंट ड्रायव्हर आत ह्यांच्या हाताशी झटत होता. नंतर कळलं, भोंग्याच्या दांडीवरून ह्यांची बोटं सुटतच नव्हती, एकेक करून सोडवावी लागली. मग हे खाली उतरले. उतरले म्हणजे शेवटच्या पायरीवरून खडीत गुडघ्यांवर पडले आणि तसेच राहिले. इंजिनाकडे पाठ करून. मी समोरून धावत येतेय तर माझ्याकडे बघायची हिंमत नाही, खडीकडे बघतायत.

असिस्टंटला म्हणाले, "तू बघ खाली. मला सांगू नकोस. नुसतं बघ."

तो वाकला. चाकांमधून त्यानं जे ओढून काढलं ते डब्याचं झाकण होतं, चपटं झालेलं. ते मी ओळखलं. मी तिथंच मटकन बसले. मला रडू आलं नाही, काहीच आलं नाही, कानांत नुसती गाज. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर मला आई होती हेसुद्धा सांगता आलं नसतं.

आणि दोन डब्यांच्या मधल्या फटीतून, पलीकडून, भिंतीच्या बाजूनं आवाज आला. थोडा कापरा, पण रागावलेला.

"जावईबापू, आज फार उशिरा सांगितलंत."

भोंगा ऐकला आणि तिचे पाय मागे झाले होते, बस. तिला काही दिसलं नव्हतं, काही कळलं नव्हतं. लहानपणापासून भोंग्याला मागे होणारे पाय, ते आपलं काम करून गेले. डबा तेवढा हातातून सुटला. हे खडीत बसल्या बसल्या ओकले. मग कपाळ रुळाला लावून एवढ्या मोठ्यानं रडले की खांबावरच्या यंत्रानं तेही मोजलं असेल.

नात वाचली, आधी तेच सांगते. आकडा खाली गेला होता, तो वर आला. दुसऱ्या एका बाळाला मात्र त्या गडबडीत पुन्हा नळी लावावी लागली, त्याच्या आईला मी नंतर जाऊन भेटले. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ऑफिसात पुन्हा बोलावणं आलं. ह्या वेळी धोका होता हे कुणी नाकारलं नाही. पण माणूस मागे झाल्यावरही भोंगा गाडी थांबेपर्यंत वाजत राहिला, त्याचं काय? ह्यांनी कबूल केलं, हात सुटला नाही. तो भला अधिकारी मान खाली घालून बसला होता म्हणे. मग तपासणीला पाठवलं. डोळे ठीक, काळीज ठीक, कान गेलेले. निम्म्याहून जास्त गेलेले. गल्ली ज्याला भोंग्याचा आवाज म्हणून हसायची तो बहिऱ्या माणसाचा आवाज होता, आणि मी शेजारी झोपणारी बायको, मलाही कळलं नाही. शहराच्या कानांसाठी खांब उभारले, यंत्रं बसवली, चांगलंच केलं. ह्यांचे कान मात्र सरकारच्याच इंजिनात गेले आणि ते मोजायची सवड इतक्या वर्षांत कुणाला झाली नाही. हे ऐकून मला जो संताप आला तो मी कुठे ठेवू?

त्यांना यार्डातल्या भांडारात बसवलंय. बसून काम, घराजवळ. पहिले काही दिवस ते मेल्यासारखे झोपले. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. नात घरी आली, माझ्या आईच्या मांडीवर दिवसभर असते. आई आता उंबरा ओलांडत नाही. पण बाकीची गल्ली रूळ ओलांडते. दुपारच्या गाडीवर आता एक पोरगेला ड्रायव्हर आहे, नियमाचा पक्का. तो भोंगा वाजवत नाही आणि गाडी हळूही चालवत नाही. त्याला इथं कोण राहतं हे माहीत नाही. आम्ही भगदाडापाशी पुलासाठी अर्ज केला, फाटकासाठी अर्ज केला. उत्तर तेच, तिथं वाट नाही, तर फाटक कशाला.

म्हणून हे जेवणाच्या सुट्टीत येतात, दोन घास खातात आणि भगदाडात जाऊन उभे राहतात. हात आडवा करून. कुणी आलं की थांबवतात, एक पाय रुळाला लावून कंप लागतो का बघतात, मग हात खाली घेतात. बायका, पोरं, न्हावी, सगळे थांबतात. गाडी गेली की हे परत भांडारात.

पहिल्या दिवशी मी मागे धावत गेले. म्हटलं, अहो, तुम्हाला गाडी ऐकू येत नाही. तुम्ही इथं उभे राहून काय करणार? त्यांनी माझ्या ओठांकडे बघून ते समजून घेतलं आणि म्हणाले, "मला नाही ऐकू येत गं. पण लोकांना मी दिसतो ना."

तेव्हापासून मीही जाते. त्यांच्या मागे उभी राहते, शर्टाची कड मुठीत धरून. रुळाचा कंप फार उशिरा लागतो, वळणापलीकडे चाकांची घरघर माझ्या कानांना आधी कळते. कळली की मी शर्ट ओढते, ते मागे होतात. रोज. रोज माझे कान दुखून येतात ऐकून ऐकून. इतकं मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

परवा वारा उलटा होता. मी कान देऊन उभी होते, काही नव्हतं, अगदी शांत होतं. समोरून न्हाव्याची पोर आली, ह्यांनी तिला अडवलं आणि पाय रुळाला लावायला पुढे झाले. आणि वळणातून इंजिन आलं. मी ओढलं का ते आपणहून मागे आले, मला सांगता येणार नाही. आम्ही तिघंही भिंतीशी पडलो होतो आणि डबे जात होते, एकामागून एक, धाडधाड. ह्यांच्या शर्टाची कड फाटून माझ्या मुठीत आली होती.

गाडी गेल्यावर ते उठले, पोरीचे गुडघे झाडले, माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. आईसारखंच म्हणाले, "अगं, सांगायचं नाहीस का?"

मी तोंड उघडलं. त्यांना ओठ दिसतील असं म्हटलं, अहो, मलाच ऐकू आलं नाही.